भोपळ्यातली म्हातारी मूळची कुठली?

‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठमुठ्ठ होईन, मग मला खा.’ वाघाला असं पटवून सटकणारी म्हातारी अस्सल मराठी, असं आपण धरूनच चालतो. पण इराणमधली मुलंही तिला ओळखतात. तिथेही ती लेकीकडेच निघते, वाटेत लांडगा आणि सिंह भेटतात, ‘पुलाव खाऊन जाड होऊन येते’ असं सांगून निसटते आणि येताना भोपळ्यात बसून गडगडत येते. बंगालमधली कुबडी म्हातारी नातीकडे जाते आणि पोकळ दुध्या भोपळ्यात बसून, चिंच-पोहे खात परतते. पोर्तुगालमध्येही भोपळ्यात बसून लांडग्याला चकवणारी म्हातारी आहे.

असं काही कळलं की दोन उत्तरं लगेच फिरू लागतात. एक, जगातल्या सगळ्या गोष्टी भारतातूनच गेल्या. दोन, माणसाचं मन सगळीकडे सारखं, म्हणून गोष्टीही सारख्या. पहिलं मत काही आपल्या अभिमानातून जन्मलेलं नाही. जर्मन अभ्यासक थिओडोर बेन्फाय यांनी १८५९ साली पंचतंत्राच्या आधारे ते जोरात मांडलं होतं. पंचतंत्र सहाव्या शतकात इराणात आणि आठव्या शतकात अरबीत गेलं, हे खरंच आहे. पण एका ग्रंथाचा प्रवास सिद्ध झाला म्हणून शेकडो तोंडी गोष्टींचा होत नाही. पुराव्याशिवाय मिरवलेला अभिमान आणि अंधश्रद्धा यांत मला फारसा फरक दिसत नाही.

मग नातं ओळखायचं कसं? इथे एक विलक्षण सुंदर युक्ती कामाला येते. ती पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी (१९१९ ते १९६६) वापरलेल्या तर्काच्या फार जवळची आहे. दोन पोथ्यांत बरोबर मजकूर सारखा असेल, तर त्यावरून काहीच कळत नाही. तो मूळ पोथीतून सगळ्यांकडे आलेला असणार. पण दोन पोथ्यांत एकच चूक, एकाच जागी असेल, तर त्या दोघींच्या मागे ती चूक करणारी एक समान पोथी असण्याची शक्यता मोठी. जीवशास्त्रज्ञही प्राण्यांचा वंशवृक्ष असाच काढतात. नुसतं साम्य पुरत नाही, नंतर घडलेला बदल समान असावा लागतो.

गोष्टीत ‘चूक’ म्हणजे बदललेला तपशील. म्हातारी लेकीकडे जाते की नातीकडे? सोबत कुत्रे आहेत का? शेवटी ती पकडली जाते का? प्रत्येक प्रश्नाला प्रत्येक रूपाचं उत्तर आकड्यात लिहायचं आणि कमीत कमी बदलांत सगळी रूपं जोडणारं झाड संगणकाला शोधायला लावायचं. डरहॅम विद्यापीठातले जमशीद तेहरानी यांनी २०१३ मध्ये ‘लाल टोपीवाली मुलगी’ आणि तिच्यासारख्या कथांच्या ५८ रूपांवर, ७२ लक्षणं घेऊन हे केलं. त्यात लांडगा आणि करडांची गोष्ट हे वेगळं घराणं निघालं. चीन-जपानकडची ‘वाघीण आजी’ मात्र दोन्ही घराण्यांच्या मध्ये अडकली. तेहरानींच्या मते ती मूळ कथा नव्हे, दोन्हींची सरमिसळ आहे. झाडाच्या फांद्या एकदा फुटल्या की परत जुळत नाहीत, गोष्टी मात्र जुळतात. म्हणून अशा ठिकाणी झाडाऐवजी जाळं काढावं लागतं.

२०१६ मध्ये भाषांचा वंशवृक्ष घेऊन, कोणत्या समाजात कोणती कथा आहे हे त्यावर मांडलं गेलं आणि ‘लोहार आणि सैतान’ ही कथा सुमारे ६,००० वर्षं जुनी असल्याचा निष्कर्ष काढला गेला. त्याच्या मथळ्यांनी मी भारावलो नाही. कोणत्या समाजात कोणती कथा ‘आहे’ हे तिथे किती जणांनी वेचून लिहिली यावर ठरतं, आणि युरोपात ती वेचणी दाट झालेली आहे.

तपशील का बदलतात, हे केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये दाखवलं. अमेरिकेतल्या मूलनिवासींची एक कथा त्यांनी इंग्रज वाचकांना आठवून सांगायला लावली. अनोळखी गोष्टी ओळखीच्या झाल्या. तिथली डोंगी साधी होडी झाली. पुलावाची तूपरोटी (किंवा तूपरोटीचा पुलाव) झाली असेल ती अशीच. अर्थही असाच त्या त्या मातीत भरतो. आपल्याकडे अनेक घरांत लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी न जेवण्याची रूढी होती. तिथे आईने लेकीकडे तूप खाऊन जाड होऊन येणं यात एक गोड बंडखोरी आहे. बंगाली म्हातारी नातीकडे जाते, त्यामुळे ही धार तिथे जाणवत नाही.

पोर्तुगालचं काय? ही गोष्ट गोव्याहून जहाजाने गेली, की इराणमार्गे खुश्कीने, की तिसऱ्याच वाटेने? पोर्तुगीज आणि कोकणी रूपांत एखादा असा बदल सापडला, जो फारसी रूपांत नाही, तर समुद्रमार्गाचं पारडं जड होईल. त्यासाठी कोकणी, मालवणी, अहिराणी रूपं सांगणाऱ्याचं गाव आणि साल यांच्यासह लिहून ठेवलेली हवीत. पाठ्यपुस्तकातलं घासूनपुसून केलेलं रूप या कामाला चालत नाही, कारण नेमके वेडेवाकडे तपशीलच त्यातून गळालेले असतात.