पहिली कृष्णवर्णीय सुवर्णकन्या विल्मा रुडॉल्फ नव्हे

दर ऑलिम्पिकच्या आसपास एक मजकूर फिरतो: पोलिओवर मात करणारी अमेरिकेची विल्मा रुडॉल्फ ही ऑलिम्पिक सुवर्ण जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय महिला. पोलिओचं खरं आहे, ‘पहिली’ मात्र साफ चूक. विल्माने 1960 साली रोममध्ये तीन सुवर्णपदकं जिंकली. एकाच ऑलिम्पिकमध्ये अ‍ॅथलेटिक्सची तीन सुवर्णं मिळवणारी ती पहिली अमेरिकन महिला; बहुधा तिथूनच हा घोळ झाला असावा.

पहिला मान अमेरिकेच्याच अ‍ॅलिस कोचमनचा. लंडन, 1948, उंच उडी. तिने आणि ब्रिटनच्या डोरोथी टायलरने 1.68 मीटरची उंची पार केली. अ‍ॅलिसने पहिल्याच प्रयत्नात, म्हणून सुवर्ण तिचं. पदक दिलं खुद्द राजे सहावे जॉर्ज यांनी.

जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनी गावची ही पोर. कृष्णवर्णीयांना मैदानं बंद, म्हणून मातीच्या रस्त्यावर अनवाणी धावायची, दोऱ्या बांधून त्यावरून उड्या मारायची. युद्धामुळे 1940 आणि 1944 ची ऑलिम्पिकं झालीच नाहीत, नाहीतर पदकं आणखी वाढली असती असं मला तरी वाटतं. सुवर्ण घेऊन ती गावी परतली तेव्हा सत्काराच्या सभागृहात गोरे एकीकडे, काळे दुसरीकडे बसले होते. महापौरांनी तिच्याशी हस्तांदोलनही केलं नाही.