पामीर महामार्ग की वाखानचा रस्ता?

ताजिकिस्तानात सायकल न्यायचा विचार सुरू झाला की ही दोन नावं एकत्र कानावर पडतात. बरेच जण ती एकाच रस्त्याची समजतात. काहींना वाटतं, वाखान म्हणजे अफगाणिस्तान, म्हणजे तिथला व्हिसा आलाच. दोन्ही समजुतींमुळे आखणी फसते.

पामीर महामार्ग म्हणजे एम ४१. किर्गिझस्तानातल्या ओशहून निघून मुरगाब, खोरोग करत तो दुशान्बेकडे जातो. ओश ते खोरोग हा त्याचा टप्पा सोव्हिएत राजवटीने १९३०च्या दशकात बांधला. वाखानचा रस्ता हा त्याला खोरोगजवळ फुटलेला फाटा. तो दक्षिणेला इश्काशिमपर्यंत उतरतो, तिथून पूर्वेला वळून लंगर गाठतो आणि खारगुश खिंड ओलांडून अलिचूरच्या अलीकडे पुन्हा एम ४१ला मिळतो. तो सगळा ताजिकिस्तानातच आहे. अफगाणिस्तानातला वाखान सीमेवरच्या नदीच्या पलीकडे आहे. रशियन साम्राज्य आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्या सीमा एकमेकींना भिडू नयेत म्हणून १८९५च्या आखणीत ही चिंचोळी पट्टी अफगाणिस्तानकडे राहिली.

थोडक्यात, वाखान हा एम ४१च्या फक्त खोरोग-अलिचूर टप्प्याला पर्याय आहे. पुढे ओशला जायचं तर मुरगाब, ४,६५५ मीटरची अक-बैताल खिंड, काराकुल सरोवर आणि सीमेवरची किझिल-आर्त खिंड कुणालाच चुकत नाही.

मग या टप्प्यात निवड कशाच्या जोरावर करायची? एम ४१ गुंत नदीच्या खोऱ्यातून हळूहळू चढत ४,२७२ मीटरच्या कोइतेझेक खिंडीपर्यंत जातो. डांबर जागोजागी उखडलेलं असलं तरी चाक पुढे सरकत राहतं. चढ लांबलचक असल्याने शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळ मिळतो. वाटेत जेलोंदीला गरम पाण्याचे झरे आहेत.

वाखान खालून जातो म्हणून सोपा, असं अनेकांना वाटतं. मला हा गैरसमज सर्वांत घातक वाटतो. लंगरपर्यंत गावं आहेत, जर्दाळूची झाडं आहेत, घरात मुक्कामाची सोय होते. पण रस्ता मात्र वाळू आणि सुटे दगड. जिथे गाड्यांनी आडव्या वळ्या पाडल्यात तिथे पन्हाळी पत्र्यावरून सायकल हाकल्यासारखे हादरे बसतात आणि कॅरिअरचे बोल्ट सैल होतात. दोन इंच रुंदीचे टायर आणि कमी हवा, याला तिथे पर्याय नाही. लंगरनंतर तर चढ एकदम अंगावर येतो. सुमारे २,८०० मीटरवरून ४,३४४ मीटरच्या खारगुशपर्यंत जाताना दुकान नाही, जवळपास वस्ती नाही. खाणं लंगरलाच भरून घ्यावं लागतं. खारगुशच्या लष्करी चौकीवर कागद तपासतात. गोर्नो-बदख्शानचा, म्हणजे पामीरच्या या स्वायत्त प्रांताचा, परवाना दोन्ही वाटांना लागतो.

तरीही वेळ हाताशी असेल तर मी वाखानच सुचवेन. यामचुनचा किल्ला, व्रांगचे बौद्ध अवशेष आणि नदीपलीकडे दिसणारी अफगाण शेतं एम ४१वर मिळत नाहीत. इथे सीमा ओलांडायची नसते, ती दिवसचे दिवस उजव्या हाताला वाहत असते. आधी पंज, लंगरपासून पामीर नदी.

किझिल-आर्तची सीमा अगदी निराळी. खिंड साधारण ४,२८० मीटरवर. ताजिक आणि किर्गिझ चौक्यांच्या मध्ये सुमारे २० किलोमीटर निर्जन रस्ता, आणि पावसात तांबडा चिखल चाकांना चिकटून मडगार्ड गच्च भरतात. किर्गिझ-ताजिक संघर्षामुळे २०२१पासून बंद झालेल्या सीमा मार्च २०२५च्या करारानंतर पुन्हा खुल्या झाल्या. ताजिक चौकी सोडताना किर्गिझ चौकीपर्यंत पुरेल एवढं पाणी आणि अंधाराआधीचे पुरेसे तास हाताशी हवेत.