रजिस्ट्री क्लीनर

रजिस्ट्री क्लीनर : विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या साठ्यात, पडून राहिलेल्या, निरुपयोगी वाटणाऱ्या नोंदी शोधून त्या पुसून टाकणारे सॉफ्टवेअर. ते चालवले की मंद झालेला संगणक पुन्हा पळू लागतो, हा समज नाशिकमध्येही चांगलाच रुजलेला आहे. त्याला तांत्रिक आधार नाही. घरच्या, दुकानातल्या किंवा कारखान्यातल्या संगणकावर हे सॉफ्टवेअर वापरू नये.

कोणती फाइल कोणत्या प्रोग्रॅमने उघडायची, प्रिंटर कोणता, कोणता प्रोग्रॅम संगणकाबरोबरच सुरू व्हायचा, अशा हजारो सेटिंग्ज विंडोज जिथे ठेवते ती रजिस्ट्री. पूर्वी हीच माहिती ‘आयएनआय’ नावाच्या साध्या मजकुराच्या फायलींत विखुरलेली असे. १९९२ साली विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्री मर्यादित रूपात आली आणि विंडोज ९५ पासून सगळा कारभार तिच्यावर आला. तिची रचना झाडासारखी आहे. फांदीला ‘की’ म्हणतात आणि कीच्या आत प्रत्यक्ष सेटिंग असते. प्रोग्रॅमला एखादी सेटिंग हवी असली की तो सगळी रजिस्ट्री चाळत बसत नाही, ठरलेल्या वाटेने थेट तिथेच जातो. तलाठ्याकडे गट नंबर सांगितला की सातबारा निघतो. त्याच दप्तरात शेजारच्या गावचे जुने उतारे किती पडून आहेत, याने तो निघायला उशीर होत नाही.

प्रोग्रॅम काढून टाकला तरी त्याच्या काही नोंदी मागे राहतात, हे खरे आहे. पण अशी एक नोंद म्हणजे मजकुराची एखाददुसरी ओळ. हजारभर नोंदी पुसल्या तरी मोकळी होणारी जागा मोबाइलमधल्या एका गाण्याएवढीही भरत नाही.

हा समज मुळात आला कुठून, तेही पाहायला हवे. विंडोज एनटी आणि विंडोज २००० या आवृत्त्यांत रजिस्ट्रीच्या आकाराला मर्यादा होती आणि त्या काळच्या संगणकांत मेमरीही तुटपुंजी असे. १९९०च्या दशकात मायक्रोसॉफ्टनेच ‘रेगक्लीन’ नावाचे साधन दिले होते. पुढे विंडोज एक्सपीमध्ये ती मर्यादा गेली, रेगक्लीनही मागे घेतले गेले. आज मायक्रोसॉफ्टची भूमिका स्पष्ट आहे : अशा सॉफ्टवेअरच्या वापराला कंपनीचा पाठिंबा नाही, आणि त्यातून बिघाड झाला तर तो दुरुस्त होईलच याची हमी ती देत नाही. कधी कधी विंडोज नव्याने टाकण्यावाचून इलाज उरत नाही.

नाशिकच्या महात्मा गांधी रोडवर किंवा शालिमारला संगणकाच्या दुकानांत ‘पीसी हँग होतोय, जरा क्लीन करून द्या’ म्हणत लोक सीपीयू घेऊन येतात. क्लीनर चालवला की लाल अक्षरांत शेकडो ‘एरर’ दिसतात आणि गिऱ्हाईक घाबरते. वास्तविक त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ निरुपद्रवी असते. त्याच सॉफ्टवेअरने टेम्पररी फायली काढलेल्या असतात, सुरुवातीलाच चालू होणारे चार प्रोग्रॅम बंद केलेले असतात आणि शेवटी संगणक रिस्टार्ट झालेला असतो. फरक जाणवतो तो या तिन्हींमुळे, श्रेय मात्र रजिस्ट्रीच्या सफाईला जाते.

नुकसान कसे होते, ते कॅनडा कॉर्नरजवळच्या एखाद्या कर सल्लागाराच्या ऑफिसात समजेल. हिशेबाचे सॉफ्टवेअर मुख्य संगणकावर असते आणि बाकीचे संगणक नेटवर्कवरून, ‘झेड’ ड्राइव्ह म्हणून, ते वापरतात. रविवारी मुख्य संगणक बंद असताना कुणी क्लीनर चालवतो. झेड ड्राइव्हवरची फाइल सापडत नाही म्हणून क्लीनर त्या नोंदी ‘अवैध’ ठरवून पुसतो. सोमवारी सॉफ्टवेअर उघडत नाही, आणि नेमकी रिटर्न भरायची तारीख जवळ आलेली असते. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत धोका याहून मोठा. तिथे सीएनसी मशीनला, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणाऱ्या यंत्राला, सिरियल केबलने प्रोग्रॅम पाठवणारे जुने संगणक अजून राबत आहेत. त्या सॉफ्टवेअरची पोर्टची सेटिंग आणि लायसन्स बऱ्याचदा रजिस्ट्रीतच असते. मूळ सीडी हरवलेली असली तर मशीनच थांबते. अशा संगणकाला क्लीनर लावणे हा निव्वळ निष्काळजीपणा आहे.

दुसरा धोका फसवणुकीचा. फुकट तपासणी करून भीती घालायची आणि ‘दुरुस्ती’साठी पैसे मागायचे, हा धंदा जुना आहे. अशा धमकीवजा संदेशांनी पैसे काढणारे प्रोग्रॅम १ मार्च २०१८ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज डिफेंडर या आपल्या अँटिव्हायरसमध्ये नको असलेले सॉफ्टवेअर ठरवले. २०२४ मध्ये अशाच फसवणुकीच्या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने केलेल्या कारवाईत रिस्टोरो आणि रीइमेज या कंपन्यांनी २ कोटी ६० लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. नावाजलेले साधनही निर्धोक राहिले नाही : २०१७ मध्ये सीक्लीनर या लोकप्रिय सफाई सॉफ्टवेअरच्या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता आणि ती सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर पोहोचली होती.

संगणक मंद असेल तर कारण दुसरीकडे शोधावे. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवल्याने जो फरक पडतो, तो दुसऱ्या कशानेही पडत नाही. ४ जीबी रॅम असेल तर ८ करावी. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’मधून नको ते प्रोग्रॅम बंद करणे फुकटात होते. वर्कशॉपमधल्या संगणकाचा पंखा धुळीने भरलेला असतो, तोही पाहावा. अँटिव्हायरससारख्या प्रोग्रॅमचे अवशेष खरोखरच आड येत असतील, तर त्याच कंपनीचे काढून टाकण्याचे साधन वापरावे.

रजिस्ट्रीला हात लावायची वेळ आलीच, तर आधी ‘रेगएडिट’ या विंडोजमधल्याच रजिस्ट्री संपादकातून ती की एक्स्पोर्ट करून ठेवावी आणि रिस्टोअर पॉइंट, म्हणजे मागे परतता येईल अशी सेटिंग्जची नोंद, तयार करावा. विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून रजिस्ट्रीची प्रत ‘रेगबॅक’ फोल्डरमध्ये आपोआप ठेवली जात नाही, हे बऱ्याच जुन्या कारागिरांच्याही लक्षात आलेले नसते. क्लीनर चालवून बिघाड झालाच असेल, तर त्याने स्वतः ठेवलेली बॅकअप फाइल आधी शोधावी. ती नसेल तर सिस्टिम रिस्टोअर करून, म्हणजे आधीच्या रिस्टोअर पॉइंटवर परतून, पाहावे, आणि तोपर्यंत त्या संगणकावर काहीही नवीन टाकू नये.