रीप्ले आणि जर-तर: १९७०-७१चा हॉकी हंगाम पुन्हा खेळताना

जुना आइस हॉकीचा हंगाम फासे टाकून किंवा संगणकावर पुन्हा खेळणाऱ्यांची एक छोटी पण चिवट जमात आहे. त्यांच्या गप्पांत दोन गोष्टींची सर्रास सरमिसळ होते: रीप्ले आणि जर-तर. दोन्हीकडे खेळाडूंची कार्डं (त्या हंगामातल्या खऱ्या आकड्यांवरून बनवलेली) तीच, फासे तेच, म्हणून फरक चटकन लक्षात येत नाही.

एनएचएलचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगचा, १९७०-७१चा हंगाम घ्या. १४ संघ, प्रत्येकी ७८ सामने, म्हणजे एकूण ५४६. बोस्टन ब्रुइन्सने ५७ सामने जिंकले, १४ हरले, ७ बरोबरीत सुटले. संघाचे गोल ३९९. त्यातले ७६ एकट्या फिल एस्पोसिटोचे, ५५० फटक्यांत. बॉबी ऑर तर बचावपटू, तरी त्याचे १०२ असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलला हातभार लावणारे पास. खेळाडूंच्या गुणांच्या (गोल अधिक असिस्ट) यादीत पहिले चौघंही ब्रुइन्सचेच. आणि एवढं करून बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात मॉन्ट्रियलने त्यांना सात सामन्यांत घरी बसवलं.

रीप्लेमध्ये हा हंगाम होता तसाच मांडायचा. वेळापत्रक खरं, जखमी खेळाडू खरोखर बाहेर. फ्रँक महॉव्हलिच १३ जानेवारी १९७१ला डेट्रॉइटहून मॉन्ट्रियलकडे गेला, म्हणजे त्या तारखेपर्यंत तो डेट्रॉइटकडूनच खेळणार, तुमचे हात कितीही शिवशिवू देत. फाशांवर सोडायचा तो फक्त निकाल. फासेही आंधळे नसतात. बुक क्रिकेटमध्ये पान उघडलं की तेंडुलकर आणि अकरावा गडी एकाच लायकीचे. इथे एस्पोसिटोच्या कार्डावर साधारण सात फटक्यांमागे एक गोल लिहिलेला असतो.

मग निकाल खऱ्यासारखाच लागायला हवा ना? नाही. ७८ सामन्यांत ५७ विजय म्हणजे दर सामन्याला सुमारे ७३ टक्के शक्यता. ती जशीच्या तशी धरली तरी निव्वळ नशिबाने चार-एक विजय इकडेतिकडे होतात. रीप्लेत ब्रुइन्स ५३वर थांबले काय किंवा ६१वर पोहोचले काय, खेळाचं गणित चुकलं असं म्हणता येत नाही. मुळात ते ५७सुद्धा एकाच फेरीचं फळ आहे आणि त्यातही नशिबाचा वाटा असणारच. कार्ड मात्र तो वाटाही खेळाडूच्या कर्तबगारीत जमा करतं. रीप्लेवाले याबद्दल फारसं बोलत नाहीत.

जर-तरमध्ये एक गोष्ट मुद्दाम बदलायची आणि तिचा परिणाम बघायचा. महॉव्हलिच डेट्रॉइटलाच राहिला असता तर? इथे हंगाम एकदा खेळून काहीच हाती लागत नाही. मॉन्ट्रियलचे तीन विजय कमी झाले, तर ते महॉव्हलिच नसल्यामुळे की फाशांमुळे, हे कसं ठरवणार? म्हणून तोच हंगाम शेकडो वेळा चालवायचा, मग बदल न करता तितक्याच वेळा चालवायचा, आणि सरासऱ्या ताडून बघायच्या. ते काम संगणकाचं. रीप्ले मात्र एकदाच खेळायचा. पडलेला फासा परत उचलायचा नाही, आणि त्याची गंमत यातच आहे. एका फेरीवरून ‘महॉव्हलिच नसता तर मॉन्ट्रियल बुडालंच असतं’ असं ठासून सांगणाऱ्यांकडे मी कानाडोळा करतो.

काही जण नकळत कुंपण ओलांडतात. त्या काळी साखळी सामन्यांत जादा वेळ नव्हता. १९४२मध्ये युद्धामुळे तो बंद झाला आणि १९८३मध्ये परतला. बरोबरीचा कंटाळा आला म्हणून पाच मिनिटं वाढवली की तो रीप्ले राहिला नाही. एस्पोसिटोला प्रत्यक्षापेक्षा जास्त वेळ बर्फावर ठेवणंही त्यातलंच.

खरी पंचाईत केन ड्रायडनची. हा मॉन्ट्रियलचा गोलरक्षक साखळीत फक्त सहा सामने खेळला, तेही मार्चपासून पुढे. सहाही जिंकले, ६० मिनिटांमागे सरासरी १.६५ गोल खाल्ले. त्याला ऑक्टोबरपासून गोलपोस्टसमोर उभं केलं तर ते उघडउघड जर-तर. ते टाळायला रीप्लेवाले त्याला सहा सामन्यांचीच मुभा देतात, पण बाद फेरीत तो खरोखर वीसच्या वीस सामने खेळला होता, तिथे त्याला बसवायचं कसं? आणि कार्ड तर त्या सहा सामन्यांवरून बनलेलं. बाद फेरीत त्याची खरी सरासरी ३.०० होती. ब्रुइन्सविरुद्धच्या दुसऱ्या सामन्यात तर मॉन्ट्रियल १-५ असं मागे होतं. मग ७-५ने जिंकलं.

मी कार्ड दुरुस्त करण्याच्या बाजूचा आहे, फक्त केलेला बदल निकालांच्या वर स्पष्ट लिहावा. यावर शुद्धतावादी नाक मुरडतात: बाद फेरीचे आकडे वापरून बाद फेरी खेळणं म्हणजे निकाल आधीच कार्डात घुसवणं, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे. पण कार्ड तसंच ठेवलं तर ब्रुइन्सना अडवायला जो ड्रायडन उभा राहतो, तो त्या एप्रिलमध्ये बोस्टनसमोर उभा नव्हता.