गोव्यातील रस्त्यांवर सायकल आणि मोटार

गोव्यात सायकलींसाठी राखीव मार्गिका अपवादानेच आढळतात. त्यामुळे सायकलस्वार आणि मोटारचालक एकाच डांबरावरून जातात, आणि एकमेकांना धक्का न लावता ही वाट वापरणे दोघांनाही रोज साधावे लागते. यातला कळीचा क्षण ओव्हरटेक करण्याचा असतो. बाजूला किती अंतर सोडले आणि जागा नसेल तर मागे थांबायची तयारी होती की नाही, यावर बहुतेक सारे अवलंबून असते.

गोव्यातला सर्वांत जुना आणि नेमाचा सायकलस्वार म्हणजे पदेर. उजाडण्याआधी आणि पुन्हा दुपारनंतर तो कॅरिअरवर पावाची टोपली बांधून वाड्यावाड्यांतून फिरतो. रबरी भोंग्याचा ‘पों पों’ ऐकू आला की लोक पिशवी घेऊन दारात येतात. याशिवाय शाळकरी मुले आहेत, बांधकामावर जाणारे मजूर आहेत, आणि सकाळी मिरामार-दोनापावला भागात सराव करणारे हौशी स्वार आहेत. २०१९ मध्ये गोव्यात पहिली ‘आयर्नमॅन ७०.३’ ही पोहणे, सायकल आणि धावणे अशी तिहेरी स्पर्धा झाली. तिच्यातला सायकलचा टप्पा ९० किलोमीटरचा असतो. स्पर्धेचा दिवस एक, पण त्यासाठीचा महिनोन्‌महिने सराव मात्र उघड्या रहदारीतच करावा लागतो. समोर येणाऱ्या मोटारींत स्थानिकांबरोबर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या भाड्याच्या गाड्याही पुष्कळ असतात. त्या चालवणाऱ्या पर्यटकाला पुढच्या वळणाआड काय आहे, याची कल्पना नसते.

रुंदीचे गणित केले की अडचण लगेच कळते. भारतातील एकपदरी रस्त्याची प्रमाणित रुंदी ३.७५ मीटर आहे. सायकलस्वार कडेपासून साधारण अर्धा-पाऊण मीटर आत चालतो, म्हणजे त्याचा उजवा कोपर कडेपासून सुमारे एक मीटरवर येतो. त्यापुढे दीड मीटर मोकळे अंतर आणि आरशांसह दोन मीटर रुंदीची मोटार धरली, तर साडेचार मीटर लागतात. इतका रस्ता तिथे नसतोच. पदेराची टोपली हँडलपेक्षा रुंद असली तर हिशेब आणखी बिघडतो. गावातल्या अनेक रस्त्यांना साईडपट्टीही नसते. चिऱ्यांचा गडगा किंवा उघडे गटार थेट डांबराला भिडलेले असते. पणजी-रायबंदर हा सतराव्या शतकातला, सुमारे तीन किलोमीटरचा बांध याचे ठळक उदाहरण म्हणता येईल. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला खारफुटी, आणि सायकलस्वाराला बाजूला सरकायला फारशी जागा नाही.

अशा ठिकाणी मोटारचालकाने मागे राहावे, हाच एक सुरक्षित मार्ग आहे. ताशी १५ किलोमीटरने जाणाऱ्या सायकलीमागे दोनशे मीटर चालवायला ४८ सेकंद लागतात, ताशी ४० ने १८ सेकंद. तोटा फक्त तीस सेकंदांचा. मागून सतत हॉर्न वाजवल्याने सायकलस्वार दचकतो आणि नेमका खड्ड्याकडे वळतो. सायकलस्वारानेही अशा अरुंद टप्प्यावर अगदी कडेला चिकटून जाऊ नये, कारण कडेला गेलेला स्वार पाहून मागच्याला जागा आहे असे वाटते. थोडे आत राहून रस्ता मोकळा झाला की हात करून साईड द्यावी.

वळणांवर होणारे अपघात वेगळ्या प्रकारचे. सायकलीला मोटार मागे टाकते आणि लगेच डावीकडे वाड्यावरच्या रस्त्याला वळते, किंवा मिनीबस पुढे काढून प्रवासी घेण्यासाठी सायकलीसमोरच थांबते. डावीकडे वळायचेच असेल तर सायकल पुढे जाऊ द्यावी. बस आणि ट्रकच्या डाव्या कुशीत मोठी आंधळी जागा असते, तिथे सायकलस्वाराने शिरू नये. थांबलेल्या मोटारीचे दार हाही तसाच धोका आहे. उजव्या बाजूला बसलेल्या चालकाने दार डाव्या हाताने उघडले की अंग आपोआप वळते आणि मागून येणारी सायकल दिसते. नेदरलँड्सशी जोडली जाणारी ही सवय ब्रिटनने २०२२ साली आपल्या वाहतूक संहितेत घेतली.

पावसाळा, म्हणजे जून ते सप्टेंबर, सर्वांत वाईट. पाण्याखालचा खड्डा दोघांनाही दिसत नाही, पण सायकलस्वार तो चुकवण्यासाठी अचानक उजवीकडे येतो. म्हणून पावसात सोडायचे अंतर वाढवायला हवे. पहाटेच्या अंधारात टोपली आणि तिच्यावरचे प्लॅस्टिक मागचा रिफ्लेक्टर झाकून टाकतात. लाल दिवा टोपलीच्याच पाठीला बांधावा. समोरून सायकल दिसताच मोटारीने दिव्यांचा झोत खाली करावा, कारण प्रखर झोताने स्वाराला काही क्षण काहीच दिसत नाही.

कायद्याने पायडलची सायकल ‘मोटार वाहन’ नाही. तिला परवाना किंवा नोंदणी लागत नाही, पण रस्त्यावर तिचा हक्क पूर्ण आहे. जर्मनीने २०२० मध्ये सायकल ओलांडताना वस्तीत दीड मीटर आणि वस्तीबाहेर दोन मीटर अंतर सक्तीचे केले. भारताच्या २०१७ च्या वाहनचालन विनियमांत असा आकडा नाही, आणि ही उणीव भरून काढायला हवी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३८ नुसार राज्य सरकारला सायकलीसारख्या वाहनांसाठी नियम करता येतात.

अपघात झाल्यास कलम १३४ नुसार मोटारचालकाने जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात नेणे बंधनकारक आहे. मदतीला धावलेल्या वाटसरूला कलम १३४ अ चे संरक्षण मिळते. सायकलस्वार हा विम्याच्या भाषेत ‘तृतीय पक्ष’ असल्याने त्याला मोटारीच्या सक्तीच्या विम्यातून भरपाई मागता येते. वाहन पळून गेले, तर २०२२ च्या योजनेनुसार मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर इजेसाठी पन्नास हजार रुपये मिळतात. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८.