सेप्सिसमध्ये मूत्रपिंड वाचवण्यासाठी जीन थेरपी: पात्रता, संमती आणि कागदपत्रं

सेप्सिसचा (संसर्गामुळे शरीराची प्रतिक्रिया बेताल होऊन अवयव बिघडतात तो आजार) रुग्ण आयसीयूत असताना लघवी कमी होते, क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट गाळत नसलं की रक्तात साठणारा घटक) वाढतं आणि डॉक्टर डायलिसिसचं बोलू लागतात. मग घरातलं कुणीतरी विचारतं, ‘जीन थेरपीबद्दल वाचलं होतं, त्यासाठी अर्ज कुठे करायचा?’

आधी स्पष्ट सांगतो. जीन थेरपी म्हणजे पेशींत जनुक पोचवून करायचा उपचार. सेप्सिसमध्ये मूत्रपिंड वाचवणारी, मान्यता मिळालेली जीन थेरपी आज नाही. प्रयोगशाळेत प्राण्यांवर काम झालं आहे, पण मोठी अडचण वेळेची आहे. जनुक पेशीत पोचून त्यापासून प्रथिन तयार व्हायला वेळ लागतो आणि सेप्सिस काही तासांत मूत्रपिंड बिघडवतो. त्यामुळे पैसे घेऊन असं इंजेक्शन देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

माणसांवर हा उपचार होईल तो क्लिनिकल ट्रायलमध्येच, म्हणजे माणसांवरच्या अधिकृत चाचणीत, आणि त्यासाठी रुग्णाने सरकारकडे अर्ज करायचा नसतो. परवानगी मागते ती कंपनी किंवा संशोधन संस्था, केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे म्हणजे सीडीएससीओकडे. २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियमांनुसार जनुकीय औषध कायम ‘नवीन औषध’च मानलं जातं, त्यामुळे ही पायरी टाळता येत नाही. रुग्णालयाच्या नोंदणीकृत एथिक्स कमिटीची, म्हणजे सहभागी रुग्णांचे हक्क आणि सुरक्षितता पाहणाऱ्या समितीची, मंजुरीही लागते. पहिला रुग्ण घेण्याआधी ट्रायलची नोंद सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत व्हावी लागते. ती कुणालाही मोफत पाहता येते. डॉक्टरांकडे सीटीआरआय क्रमांक मागा आणि त्या नोंदीत तुमच्या रुग्णालयाचं नाव आहे का ते बघा.

पात्रता प्रत्येक ट्रायलच्या आराखड्यात ठरते. मूत्रपिंडाची तीव्र इजा ओळखायची प्रचलित मोजमापं अशी: ४८ तासांत क्रिएटिनिन दर डेसिलिटरमागे किमान ०.३ मिलिग्रॅमने वाढणं, सात दिवसांत मूळच्या (आजारपणाआधीच्या) किमान दीडपट होणं, किंवा सलग सहा तास लघवी वजनाच्या दर किलोमागे ताशी अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी होणं. ‘मूळचं’ क्रिएटिनिन माहीत नसेल तर ही इजा नवी की आजार जुनाच, हे ठरवणं अवघड जातं. म्हणून मधुमेह किंवा रक्तदाबाच्या तपासणीचे जुने रिपोर्ट घरून मागवून घ्या. माझ्या मते सगळ्यात उपयोगाचा कागद तोच. जनुक पोचवायला विषाणू वापरला असेल, तर त्याविरुद्धच्या अँटिबॉडी आधीच असलेल्या रुग्णाला वगळलं जाऊ शकतं.

सेप्सिसचा रुग्ण बहुधा सही करण्याच्या स्थितीत नसतो. तेव्हा कायद्याने मान्य प्रतिनिधी, म्हणजे सहसा जवळचा नातेवाईक, संमती देतो. त्याला वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार पूर्ण चर्चेला हजर हवा. शेवटी येऊन नुसती सही करणं पुरत नाही. माहितीपत्रक समजेल अशा भाषेत असायला हवं, तेव्हा मराठीतलं मागा. रुग्ण शुद्धीवर आला की त्यालाही विचारलं गेलं पाहिजे. कधीही माघार घेता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत.

संमतीपत्रात रुग्णाचं नाव, वय, पत्ता, शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव, पत्ता, नातं भरायचं असतं. सोबत ओळखपत्र आणि रुग्णालयाचे केस पेपर ठेवा. नॉमिनीचा रकाना घाईत कोरा सोडू नका, कारण भरपाईशी त्याचा थेट संबंध आहे. भरलेल्या संमतीपत्राची आणि माहितीपत्रकाची प्रत मिळणं हा तुमचा हक्क आहे. एथिक्स कमिटीचा संपर्क त्यातच असतो.

ट्रायलचं औषध आणि संशोधनासाठीच्या तपासण्या यांचा खर्च रुग्णावर टाकता येत नाही. ट्रायलदरम्यान इजा झाली तर मोफत उपचार मिळतात, आणि इजा किंवा मृत्यू ट्रायलमुळेच झाल्याचं ठरलं तर भरपाईही मिळते. गंभीर दुष्परिणाम डॉक्टरांनी २४ तासांत कळवायचा असतो. मृत्यूच्या भरपाईच्या सूत्रात आठ लाख ही मूळ रक्कम धरून वय आणि आजाराची जोखीम यांप्रमाणे आकडा ठरतो. रुग्ण ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ९० टक्के किंवा अधिक असेल, तर मात्र दोन लाखांची ठरावीक रक्कम आहे. आयसीयूतला रुग्ण या गटात मोडू शकतो. म्हणून ट्रायलमध्ये घेताना प्रकृतीची काय नोंद केली, ते सही करण्याआधी डॉक्टरांना विचारा. सीडीएससीओचा आदेश मिळाल्यावर प्रायोजकाने, म्हणजे ट्रायल करणाऱ्या कंपनीने किंवा संस्थेने, ३० दिवसांत पैसे द्यायचे असतात.