सर्व्हेची हद्द आपल्या ड्रॉइंगमध्ये पेस्ट करताना

ऑटोकॅड (संगणकावर नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या आमच्या आर्किटेक्ट आणि कंत्राटदार ग्राहकांसाठी

आम्ही दिलेल्या टोपो सर्व्हेतून (जागेच्या मोजणीच्या नकाशातून) प्लॉटची हद्द कॉपी करून आपल्या प्लॅनमध्ये पेस्ट केली, की ती कधी भलतीकडे जाऊन पडते, कधी तिरकी होते, कधी दिसतच नाही. मग ती हाताने उचलून अंदाजाने जागेवर बसवली जाते. कृपया तसं करू नका. लाइन-आउट देताना, म्हणजे साइटवर इमारतीच्या खुणा करताना, टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्रात हेच कोऑर्डिनेट भरले जातात. स्क्रीनवर हद्द सरकली तर साइटवर कॉलमच्या खुणाही सरकतात.

कॉपी कुठून धरली जाते

कंट्रोल-सी दाबल्यावर ऑटोकॅड बेस पॉइंट, म्हणजे वस्तू जिथे धरायची तो बिंदू, विचारत नाही. निवडलेल्या सगळ्या वस्तूंना कवेत घेणाऱ्या चौकटीचा खालचा डावा कोपरा तो आपणच धरतो. निवडीत दूरवरचा एखादा सुटा बिंदू आला, तर हा कोपराही तिकडे जातो आणि कर्सर एकीकडे, हद्द दुसरीकडे असं होतं. म्हणून कंट्रोल-शिफ्ट-सी वापरा. त्यात बेस पॉइंट आपण देतो. हद्दीचा ठळक दगड किंवा कुंपणाचा कोपरा निवडावा.

आमच्या फाइली यूटीएम कोऑर्डिनेटमध्ये (पृथ्वीचे उभे पट्टे, म्हणजे झोन, पाडून जागा सांगायची पद्धत), मीटरमध्ये असतात. पुणे झोन 43 मध्ये येतं, नागपूर 44 मध्ये. पुण्यातल्या प्लॉटचं नॉर्दिंग, म्हणजे विषुववृत्तापासून उत्तरेकडचं अंतर, 20 लाख मीटरच्या वर असतं. आपला प्लॅन 0,0 च्या आसपास काढलेला असेल, तर मूळ जागी पेस्ट केलेली हद्द त्याच्यापासून इतकी लांब पडते. ती हरवलेली नसते, झूम एक्स्टेंट्स (सगळं ड्रॉइंग स्क्रीनवर आणणारी कमांड) केलं की सापडते.

त्यामुळे आमचा आग्रह एकच: हद्द इमारतीकडे नेऊ नका, इमारत हद्दीकडे आणा. सर्व्हेची फाइल जशीच्या तशी ठेवून तिच्या प्रतीत इमारतीची बाह्यरेषा पेस्ट करा.

दोन सर्व्हे फाइली एकत्र करायच्या असतील, तर राइट-क्लिक करून क्लिपबोर्डमधलं ‘पेस्ट टू ओरिजिनल कोऑर्डिनेट्स’ निवडा. हा पर्याय दुसऱ्या ड्रॉइंगमधून कॉपी केलं असेल तरच चालतो. अर्थात दोन्ही फाइली एकाच झोनच्या हव्यात.

युनिट

सगळ्यात महागात पडणारी गोष्ट हीच. युनिट्स कमांडच्या खिडकीत ‘इन्सर्शन स्केल’ असतं. दोन फाइलींत ते वेगळं असेल, तर पेस्ट करताना ऑटोकॅड वस्तू आपोआप लहान-मोठी करतो. नोंद खरी असेल तर हे सोयीचंच आहे. पण इंचाच्या टेम्प्लेटमध्ये मिलिमीटरची मापं काढणारे बरेच जण आहेत. अशा प्लॅनमधली 12000 मिलिमीटरची भिंत आमच्या मीटरच्या फाइलमध्ये 12 मीटर यायला हवी, ती 304.8 मीटर येते, कारण ऑटोकॅड ते 12000 इंच समजतो. कॉपी करण्याआधी आपल्या फाइलमध्ये तिथे मिलिमीटर लिहिलंय ना, ते पाहा.

तिरकी हद्द आणि उंचीचा घोळ

रस्ता आडवा दिसावा म्हणून यूसीएस (ड्रॉइंगचे एक्स-वाय अक्ष) फिरवून काम करत असाल, तर त्यात कॉपी केलेली वस्तू वर्ल्ड यूसीएसमध्ये, म्हणजे न फिरवलेल्या मूळ अक्षांत, पेस्ट करताना फिरते. कॉपी करण्याआधी आणि पेस्ट करण्याआधी, दोन्ही फाइलींत यूसीएस वर्ल्डवर आणा.

आमच्या स्पॉट लेव्हलच्या (जमिनीची उंची दाखवणाऱ्या) बिंदूंना खरी उंची, म्हणजे झेड, दिलेली असते. पेस्ट करताना स्नॅप (कर्सर नेमक्या बिंदूला चिकटवणारी सोय) अशा बिंदूवर बसला तर अख्खी इमारत त्या उंचीवर जाते. वरून पाहताना फरक कळत नाही, मात्र ती उंची 560 मीटर असेल, तर सपाट हद्दीपासून इमारतीपर्यंतचं 30 मीटरचं अंतर मोजल्यावर 560 च्या पुढचा आकडा येतो आणि ट्रिम, फिलेट या रेषा छाटण्या-जोडण्याच्या कमांड नीट चालत नाहीत. ओस्नॅप-झेड हे व्हेरिएबल 1 केलं की स्नॅप चालू ठेवूनही झेड उचलला जात नाही.

ब्लॉकचंही (नाव देऊन साठवलेल्या तयार चित्राचंही) एक ध्यानात असू द्या. ‘गेट’ नावाचा ब्लॉक दोन्ही फाइलींत असेल, तर पेस्ट केल्यावर त्या फाइलमधलाच जुना गेट दिसतो. त्याचा बेस पॉइंट वेगळा असेल तर तो सरकलेलाही दिसतो.

पेस्ट झाल्यावर हद्दीच्या दोन दगडांवर आयडी (बिंदूचे कोऑर्डिनेट दाखवणारी) कमांड द्या आणि एक्स-वायचे आकडे आमच्या कोऑर्डिनेट तक्त्याशी ताडून पाहा. मग इमारतीची एक बाजू डिस्ट या अंतर मोजण्याच्या कमांडने मोजा. आकडे जुळले नाहीत, तर लाइन-आउटची तारीख ठरवण्याआधी दोन्ही फाइली आमच्याकडे पाठवा. आम्ही तपासून देऊ, त्याचे वेगळे पैसे नाहीत.